कॅरिअर नाही, स्टँड नाही, मग एवढे पैसे कशाचे?

वाचकहो, रविवारी पहाटे आपण धार काढायला गोठ्यात गेला असाल, तर डोक्याला हेल्मेट, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे आणि मागे लुकलुकणारा तांबडा दिवा अशा थाटात सात-आठ माणसे सायकलवरून सर्रकन निघून गेलेली आपण पाहिली असतील. कोणी त्यांना शहरातली रिकामी माणसे म्हणते, तर कोणी विचारते, "पेट्रोल परवडत नाही काय?" वस्तुस्थिती तशी नाही. आमच्या कंपूत एक डॉक्टर आहेत, माध्यमिक शाळेतले एक गुरुजी आहेत, एस.टी.च्या वर्कशॉपमधला एक मेकॅनिक आहे, बँकेतले साहेब आहेत आणि आल्याची शेती करणारा एक बागायतदारही आहे. खात्याचे काम सांभाळून मीही त्यांच्यात जातो. सातारा ते कोरेगाव, पुढे वर्धनगडचा घाट चढून पुसेगाव, नाहीतर मेढ्यावरून केळघर घाट, हे आमचे नेहमीचे रस्ते.

आता शेतीपानावर हा विषय कशाला, असे आपण म्हणाल. पण या सायकलवाल्यांच्या निम्म्या अडचणी शेतातूनच रस्त्यावर येतात. उलट बाजूने पाहिले, तर खेड्यातली एक अडचण अशी आहे की ती सोडवायला हेच लोक कामाला येऊ शकतात. दोन्हींचा विचार एकत्र झालेला बरा.

किंमत विचारू नये, पण विचारतातच

घाट चढून चहाला थांबले की पहिला प्रश्न ठरलेला. "काय वो पावणं, कितीला घेतली?" आमच्यातला प्रत्येक जण इथे बिनदिक्कत खोटे बोलतो. डॉक्टर पंधरा हजार सांगतात, बँकवाले साहेब दहावर येतात. खरी किंमत सांगितली की पुढचा प्रश्न येतो, "घरी म्हाइत हाय का?" आणि त्याचे उत्तर कोणाकडेच नसते. चांगली रोड सायकल पन्नास हजारांच्या पुढे जाते आणि लाखाच्याही वर जाते. तेवढ्यात दुभती म्हैस दावणीला येते, हे गावातल्या माणसाला लगेच कळते.

एकदा एका म्हाताऱ्या बाबांनी सायकलीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाले, "कॅरिअर न्हाई, स्टँड न्हाई, मडगार्ड न्हाई, घंटी बी न्हाई. मग पैसं कशाचं घेतलं?" गुरुजी म्हणाले, "बाबा, जे नाही त्याचेच पैसे घेतात!"

हसण्यावारी गेले, पण उत्तर खरे आहे. आपली काळी उभ्या दांडीची सायकल वीस किलोच्या आसपास भरते. ही रोड सायकल आठ ते दहा किलोची असते. वजन कमी करायचे पण ताकद कमी होऊ द्यायची नाही, यालाच पैसे पडतात. बाबा मात्र ऐकून घेणाऱ्यांतले नव्हते. म्हणाले, "आमच्या येळंला त्याच काळ्या सायकलीला दोन किटल्या बांधून रोज साताऱ्यात दूध घालत हुतो. पाऊस असू दे न्हाईतर ऊन. कुणी टाळ्या वाजवल्या न्हाईत." आमच्या मंडळींची बोलती बंद. गुपचूप चहा पिऊन आम्ही वाटेला लागलो.

थट्टेचे शास्त्र

सायकलवाल्यांचे बोलणे ऐकाल तर ही माणसे एकमेकांची वैरी आहेत असे वाटेल. ज्याची सायकल पंक्चर होईल त्याने सर्वांना चहा पाजायचा, हा नियम. मागे राहणाऱ्याची कारणे तर पाठ झाली आहेत. जाताना वारा समोरून होता, येताना पण समोरूनच होता. रात्री लग्नाचे जेवण झाले. ब्रेक चाकाला घासत होता. ब्रेक खरोखरच घासत असला, तरी कोणी विश्वास ठेवत नाही.

डॉक्टरांनी मध्यंतरी तीनशे ग्रॅम वजन वाचावे म्हणून नवी चाके बसवली. मेकॅनिकने चाक हातात घेऊन तोलल्यासारखे केले आणि म्हणाला, "डॉक्टर, एवढं वजन सकाळी चार वडे कमी खाल्ले असते तरी गेलं असतं." पुढे महिनाभर डॉक्टरांनी आमच्यादेखत वडा खाल्ला नाही.

सगळ्यात मोठी चर्चा होते ती आवाजाची. सायकलीतून 'टक टक' ऐकू आले की प्रत्येक जण तज्ज्ञ होतो. कोणी म्हणतो पायडल सैल आहे, कोणी म्हणतो सीटची दांडी वाजते, कोणाला छर्ऱ्यांचा संशय. एकदा गुरुजींच्या सायकलीवर अर्धा तास असा खल झाला, पायडल काढून ग्रीस लावून बसवले, तरी टक टक चालूच. शेवटी सापडले काय, तर बुटाची लांब राहिलेली नाडी. तिचे प्लॅस्टिकचे टोक प्रत्येक फेऱ्याला दांडीवर आपटत होते.

पण या थट्टेचा एक उपयोग आहे. लांबच्या वाटेवर बोलणारा माणूस एकदम गप्प झाला की समजावे, याच्या पोटातले संपले. अंगातली साखर उतरली की आधी विनोद बंद होतो, मग पाय बंद होतात, आणि तिथून डोकेही नीट चालत नाही. अशा माणसाला उपदेश करायचा नाही. गूळ-शेंगदाणे नाहीतर केळे हातात द्यायचे, पाणी पाजायचे आणि दहा मिनिटे सावलीत बसवायचे. उन्हात खुरपणी, फवारणी करणाऱ्या आपल्या माणसांनाही हे तितकेच लागू आहे.

आमच्यातले काही जण 'ब्रेव्हे' नावाच्या लांब पल्ल्याच्या राइडला जातात. मूळ पद्धत फ्रान्समधली. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत संपवायचे. यात पहिला-दुसरा नंबर नसतो. वेळेत पोचलात की झाले. मात्र मधल्या वाटेत बाहेरच्या गाडीची मदत घ्यायची नाही, बिघाड झाला तर आपला आपण काढायचा, आणि रात्री पुढे-मागे दिवा व अंगात चमकणारे जाकीट सक्तीचे. याच्याही पुढची मजल मारणारे लोक महाराष्ट्रात आहेत. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. आमची धाव वर्धनगडापर्यंत, पण पंक्चर सगळ्यांचे सारखेच.

सायकलीचे आजार हंगामाप्रमाणे

पिकावर जशी रोगराई हंगाम बघून येते, तसेच सायकलीचे आहे.

जानेवारी ते मे हा काट्यांचा हंगाम. खटाव-माणकडे जाताना बाभूळ, वेडी बाभूळ आणि सराटा हे आमचे तीन शत्रू. बांधावरची बाभूळ छाटली की फांद्या रस्त्याच्या कडेला पडतात. मोठ्या फांद्या सरपणाला जातात, काटे तिथेच राहतात. ट्रॅक्टरच्या टायरला त्याचे काही वाटत नाही. आमचे टायर बोटाएवढे रुंद, २५ ते २८ मिलिमीटरचे. त्यात हवा मात्र ७० ते ९० पौंड. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात शेतात १२ ते १५ पौंड असते, यावरून अंदाज करा.

पंक्चर कशाने झाले हे भोकच सांगते. एकच बारीक भोक बाहेरच्या अंगाला असेल तर काटा. अशा वेळी नुसती ट्यूब बदलून भागत नाही. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा, जिथे तंतू अडकतील तिथे काटा मोडून बसलेला असतो. तो काढला नाही तर दोन किलोमीटरवर पुन्हा चहा पाजायची पाळी. शेजारी-शेजारी दोन भोके असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटली. भोक आतल्या अंगाला असेल तर रिमवरची पट्टी सरकून तारेचे टोक लागले.

चिकटपट्टी लावतानाही घाई नको. आधी कानशीने घासून घ्यावे, सोल्युशन पातळ लावावे, त्याची ओली चमक जाईपर्यंत थांबावे आणि मगच पॅच दाबावा. ओल्यावर लावलेला पॅच आणि ओल नसलेल्या रानात टाकलेले बी, दोन्ही धरत नाहीत.

जून ते सप्टेंबर चेनचे आजारपण. केळघरकडचा पाऊस आणि रस्त्यावरची वाळू चेनमध्ये गेली की कानशीसारखी झीज करते. पावसातून आल्यावर चेन फडक्याने पुसावी, वाळू द्यावी, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब सोडावा आणि वरचे तेल परत पुसून घ्यावे. तेल कडीच्या आत हवे, बाहेर नको, कारण बाहेरचे तेल धूळ धरते. ट्रॅक्टरचे काढलेले जळके ऑइल चेनला ओतणे ही आपल्याकडची जुनी सवय. त्यात झिजलेल्या लोखंडाचा बारीक चुरा असतो, तो चेनला मारक.

चेन झिजली का ते घरी पाहता येते. चेनच्या पिनांमधले अंतर अर्धा इंच असते. म्हणजे चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरल्या पाहिजेत. पट्टी लावून पाहावे. एक सूत सोडाच, अर्धे सूत म्हणजे इंचाचा सोळावा भाग जास्त भरला तरी चेन बदलावी. एक सूत वाढेपर्यंत थांबलात तर मागची दातेरी चाकेही तिच्याबरोबर जातात आणि खर्च तिप्पट.

घाट उतरताना ब्रेक एकसारखा दाबून धरू नये. वाईकडे पसरणी घाट उतरताना कित्येक किलोमीटर उतार लागतो. रबरी ब्रेक सतत घासला की रिम तापते आणि तापलेल्या रिमवर ट्यूब फुटते. थोडा दाबायचा, सोडायचा, पुढचा-मागचा आलटून पालटून. हे साध्या सायकललाही लागू.

ऑक्टोबर ते मार्च हा मळणीचा आणि उसाचा हंगाम. त्याबद्दल वेगळे सांगावे लागेल.

रस्ता दोघांचा

ऑक्टोबरात सोयाबीन आणि घेवडा डांबरी रस्त्यावर वाळत घातलेला असतो. शेतकऱ्याची अडचण मला माहीत आहे. खळे राहिले नाही, घरापुढे जागा नाही आणि वर ढग जमलेले. पण सोयाबीनचा दाणा गोल आणि गुळगुळीत. त्यावर दोन चाकी गेली की छर्ऱ्यांवर गेल्यासारखी घसरते. सायकलवाला पडतो, मोटारसायकलवाला त्याहून जोरात पडतो. त्यात माल राखायला कडेने दगड मांडलेले असतात. माल संध्याकाळी भरून नेला जातो, दगड तिथेच राहतात, आणि रात्री त्यावर आपल्याच गावचा कोणीतरी आपटतो.

दुसरी गोष्ट ट्रॉलीची. मागच्या एका हंगामात पहाटे साडेपाचच्या सुमाराला आमच्यातला एक जण उभ्या ट्रॉलीवर जाऊन आदळला. टायर फुटला म्हणून ऊस भरलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, उसाची वाढी खाली लोंबलेली. त्यात धुके. त्याच्या सायकलला दिवा होता म्हणून अंगावर आल्यावर तरी दिसली. हँडल वळवले, खांदा धडकला, कॉलरबोन मोडले. ट्रॉलीचा चालक तिथेच जाळ करून बसला होता. त्यानेच धावत येऊन त्याला उचलले, अंगावर आपली घोंगडी टाकली आणि दुसरी गाडी थांबवून दवाखान्यात पोचवले. "दोन रात्री झोप न्हाई साहेब, नंबर लागना," एवढेच तो म्हणत होता. कोणाला दोष द्यायचा? आमचा गडी दीड महिन्यात बरा झाला. पण त्याच्या जागी डोक्याला मफलर बांधून निघालेला दूधवाला असता, तर दिवाही नव्हता आणि हेल्मेटही नव्हते.

ट्रॉलीला मागे तांबडे रिफ्लेक्टर लावणे कायद्याने बंधनकारक आहे. कारखाने आणि आर.टी.ओ. हंगामाच्या तोंडाला मोहिमाही घेतात. पण पट्टी चिखलाने माखते, नाहीतर वाढ्याखाली झाकली जाते, आणि मग असून नसून सारखी. त्या अपघातानंतर आमच्या कंपूने वर्गणी काढून चमकणारी पट्टी आणली आणि दोन रविवार रस्त्यावर भेटेल त्या ट्रॉलीला, बैलगाडीला चिकटवली. आधी लोक पावतीपुस्तक शोधत होते. फुकट आहे कळल्यावर एका गाडीवानाने बैलांच्या शिंगांनाही लावून घेतली. बैल लांबून चांगले दिसत होते!

चुका एकाच बाजूच्या नाहीत. सायकलवालेही गप्पांच्या नादात तिघे-तिघे शेजारी चालवतात आणि मागून आलेला टेम्पो हॉर्न वाजवून थकतो. खाऊन झाल्यावर कागद बांधावर टाकणारे आहेत. न विचारता उसात शिरणारे आहेत. आमच्यातल्या बागायतदाराने एकाला तसे करताना पकडले आणि पाच किलोमीटर बोलणे खायला लावले. ते योग्यच झाले.

मिस्त्री आणि मुलींच्या सायकली

आता मूळ मुद्द्यावर येतो. कोरेगावच्या बाजूला एका गावात पत्र्याच्या खोपटात एक सायकल मिस्त्री बसतात. वय सत्तरीच्या पुढे. डॉक्टरांच्या त्याच महागड्या चाकाची तार वाटेत तुटली आणि चाक ब्रेकला घासू लागले. मिस्त्रींनी असली सायकल पूर्वी पाहिली नव्हती. त्यांनी ती उलटी ठेवली, चाक फिरवले, खडूचा तुकडा रिमजवळ धरला, जिथे खूण उमटली तिथल्या शेजारच्या तारा पाव-पाव फेरा ढिल्या-घट्ट केल्या आणि वीस मिनिटांत चाकाचा आऊट काढला. मजुरी सांगितली तीस रुपये. मेकॅनिक बघत राहिला. जाताना मिस्त्रींनी त्यालाच विचारले, "डावं पायडल कुठल्या बाजूला फिरवून सुटतंय, सांग बघू?" डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे त्याला माहीत होते म्हणून इज्जत राहिली.

त्यांच्या खोपटात पाच-सहा लेडीज सायकली धूळ खात होत्या. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागाच्या योजनांतून, काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून, मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. योजना चांगली आहे. वाडीवरची मुलगी त्यामुळेच शाळेत टिकते. पण सायकल मिळाल्यावर पुढे काय? मिस्त्री म्हणाले, "पयल्या वर्सी पोरी चालवत्यात. मग पंक्चर हुतं, बा म्हणतो आठवड्यानं बघू. आठवड्याचा म्हयना हुतो, चेन गंजती. पूर्वी चार गावांत चार दुकानं हुती, आता मी एकटा. मोटारसायकलवाला सायकलला हात लावत न्हाई."

त्यांतल्या एका सायकलीची मालकीण नववीत होती. वाडीपासून शाळा चार किलोमीटर. चार महिने ती चालत जात होती. दिवस लहान झाले, परतताना अंधार पडू लागला, तेव्हा घरात बोलणे निघाले की आता पुरे झाली शाळा. वाचकहो, सायकलीचा बिघाड होता एक सडलेली ट्यूब आणि एक चेन. त्यापायी एका मुलीचे शिक्षण अडले होते.

गुरुजींनी शाळेशी बोलणे केले. एका रविवारी आम्ही राइड रद्द केली आणि हत्यारे घेऊन शाळेच्या पटांगणात बसलो. मधोमध खुर्चीवर मिस्त्री. वीसेक सायकली आल्या. बहुतेकांना हवा, तेल आणि ब्रेकच्या तारा एवढेच हवे होते. चार-पाच मात्र गंजून कामातून गेल्या होत्या, त्यांचे सुटे भाग दुसऱ्यांना वापरले. मुलींना नुसते बघत ठेवले नाही, प्रत्येकीकडून एक ट्यूब काढून पुन्हा बसवून घेतली. पहिल्या तासाला हसणे-खिदळणे चालले होते. दुसऱ्या तासाला एकीने डॉक्टरांना सुनावले, "सर, सोल्युशन अजून वाळलं न्हाई, थांबा की!"

ती नववीची मुलगी आता दहावीत आहे आणि सायकलनेच शाळेत जाते. मैत्रिणींची पंक्चर ती वीस रुपयांत काढते. मिस्त्रींची नजर मात्र अधू होत चालली आहे. खोपट दुपारपर्यंतच उघडे असते. त्यांच्या हातातली आऊट काढायची कला घ्यायला अजून कोणी पुढे आलेले नाही.

एवढे करता येईल

* गळीत हंगामाआधी ट्रॉली व बैलगाडीला मागे रुंद चमकणारी पट्टी लावावी. रोज निघताना ओल्या फडक्याने पुसावी. ट्रॉली बंद पडली तर तीस-चाळीस पावलांवर मागे खूण ठेवावी आणि निघताना दगड उचलावेत.
* काटेरी छाटणी रस्त्याकडेला न टाकता बांधाच्या आत टाकावी.
* माल रस्त्यावर वाळवणे टाळावे. शेजारी-शेजारी मिळून ताडपत्री घेतली तर मालात खडाही येत नाही आणि भावात कट्टी लागत नाही.
* प्रत्येक शाळेत एक पंप, सोल्युशन, पॅच, कानस आणि टायर काढायचे पाने ठेवावेत. पंप सोडला तर हे सामान दोनशे रुपयांच्या आत येते.
* रोड सायकलवाल्यांनी एकामागे एक चालवावे, आपला कचरा आपल्या खिशात ठेवावा. त्यांच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असतो, त्याला गावचा पंप बसत नाही. पितळी जोड जवळ ठेवावा आणि कॉम्प्रेसरची हवा जपून भरावी, बारीक ट्यूब एका झटक्यात फुटते.

पुढच्या रविवारी ही मंडळी आपल्या वस्तीवरून जाताना दिसली तर जरूर हाक मारा. पाणी द्या, घरातली बंद पडलेली सायकल दाखवा, पाना त्यांच्याजवळ असतोच. किंमत विचारलीत तरी हरकत नाही, फक्त जे उत्तर मिळेल त्यावर विश्वास ठेवू नका. आणि ते येईपर्यंत वाट पाहू नका. आज संध्याकाळीच मुलीच्या सायकलीच्या टायरवर अंगठा दाबून हवा बघा.